बर्मिंगहॅमला गेलेली बंदूक

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हाताचं माप घेतलं. हात न लावता हो, गैरसमज नको. कुंपणापलीकडून त्यांनी माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत एकदा बघितलं, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "साडेतेरा इंच." मी म्हटलं, हा म्हातारा शिंपी आहे की काय! लेक शेजारी उभी होती, तिनं हळूच सांगितलं, "आई, हे आपले घरमालक. पूर्वी बंदुकांचं दुकान होतं त्यांचं."

बंदूक म्हटल्यावर माझे कान टवकारले. कारण नोकरीतली एकोणीस वर्षं मी बंदुकांमध्येच काढली, आणि एकही बंदूक कधी हातात धरली नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, गृह शाखा, शस्त्र परवान्याचं टेबल. जिल्हा कुठला ते सांगत नाही. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, ही तिथलीच सवय. अर्ज, तहसीलदाराचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, वर्तणुकीचा दाखला. कारण लिहायचं एकतर पीक संरक्षण नाहीतर आत्मसंरक्षण. निवडणूक आली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि २०२०च्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी म्हणून, लेकीच्या बाळंतपणाला आयर्लंडला गेले. विमानं बंद पडली आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

लेक-जावई दोघं गॉलवेत वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत. गॉलवेत घर मिळेना, म्हणून तासाभरावरच्या एका लहान गावात राहत होते. आम्ही राहायचो ते घर म्हणजे या गृहस्थांचं जुनं दुकानच. दुकान बंद झाल्यावर त्यांनी भिंती रंगवल्या, मोरी बसवली आणि भाड्यानं दिलं. जिथे बंदुका उभ्या असायच्या त्या भिंतीला लागून माझ्या नातीचा पाळणा होता. ते आणि त्यांची बायको शेजारच्या मूळ घरात राहायचे. दोन्ही घरं एकमेकांना काटकोनात, मध्ये परसू आणि कमरेएवढं कुंपण. माझ्या ओट्याशी उभं राहिलं की त्यांचं अख्खं स्वयंपाकघर दिसायचं. मला बघायची हौस नाही, पण खिडकी समोर असली तर माणूस डोळे कुठे ठेवणार?

त्यांनी विचारलं, तुम्ही काय करत होता? मी सांगितलं, आर्म्स लायसन्स. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग मी रजिस्टरमधला रकाना म्हणून दाखवला, "बारा बोअर, डबल बॅरल, ब्रीच लोडिंग." म्हातारबुवांनी डोक्यावरची टोपी काढली. खरंच काढली. म्हणाले, "मिसेस, तुम्ही तर आपल्या धंद्यातल्या निघालात!" त्या दिवसापासून टपाल टाकायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं की दुकानात राहायला आलेली बाई धंद्यातली आहे. मी त्यांना साहेब म्हणायचे. नोकरीभर सगळ्यांना साहेबच म्हटलं, तोंडात तेच बसलं होतं.

त्यांचं इंग्रजी पहिले दोन महिने मला ओ की ठो कळलं नाही. माझं इंग्रजी कचेरीतलं, त्यामुळे त्यांनाही मी कुठलं तरी परिपत्रक वाचते आहे असं वाटत असणार. तरी आम्ही बोलायचो. दोन मीटर अंतर ठेवून. आणि ते दोन मीटर बुवांच्या डोळ्यांनी मोजलेले! किराणा दुकानाच्या रांगेत ते मागच्याला शांतपणे सांगायचे, "चार इंच पुढे आहात." एकदा एका तरुणानं हसत हसत टेप काढून मोजलं. चारच इंच भरले. त्या दिवशी रांगेत सगळे गुपचूप मागे सरकले.

विक्षिप्त तर होतेच. पण त्यांच्या प्रत्येक विक्षिप्तपणाला एक कारण असायचं. कुणाकडे कधी बोट दाखवायचे नाहीत. रस्ता सांगायचा, ढग दाखवायचा, माझी नात दाखवायची, तर पूर्ण तळहात उघडा करून. का, तर जे कुणावर रोखायचं नाही ते कुणाकडे वळवायचंही नाही. छत्री मिटली तरी टोक जमिनीकडे. नातीची बाबागाडी कुरकुरत होती तर कुंपणावरून हात घालून, पक्ष्याच्या पिसानं चाकांना बंदुकीचं तेल लावून दिलं. पुढे वर्षभर गाडीचा आवाज म्हणून आला नाही. आणि साडेतेरा इंच म्हणजे काय, तेही एकदा माझ्या हातात काठी देऊन त्यांनी शिकवलं. बंदुकीचा चाप आणि दस्त्याचं टोक यातलं ते अंतर, प्रत्येक माणसाचं वेगळं. "डोळे मिटा. काठी खांद्याला लावा. आता उघडा. बघायचं होतं तिथेच टोक आहे?" मी म्हटलं, नाही. "मग ही काठी तुमची नाही," म्हणाले आणि काठी परत घेतली. गिऱ्हाइकालाही असंच. पैसे घेऊन उभा असला तरी.

मी विचारलं, इंटरनेट नव्हतं तेव्हा लोकांना कळायचं कसं, कुणाकडे बंदूक विकायला आहे ते? बुवा खूश झाले. असा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नसावा.

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात छोट्या जाहिराती यायच्या. बुवा त्या कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, अजून होत्या त्यांच्याकडे. आणि वाचायचे कसे, तर मी अर्ज वाचायचे तसे, ओळीच्या मागचं. "फार कमी वापरलेली, म्हणजे बायकोला पसंत नाही. विक्रेता परदेशी चाललाय, म्हणजे पोरगा चाललाय आणि बाप मागे राहणार." रविवारी चर्च सुटलं की फाटकाशी अर्धा धंदा व्हायचा, तोही हवापाण्याच्या गप्पांत. गुरांच्या बाजारात एखादा नुसतं म्हणायचा, माझा खांदा हल्ली दुखतो. बुवांना कळायचं, याला बंदूक विकायची आहे.

आणि मरण. घरधनी गेला की महिन्या-दोन महिन्यांनी विधवेचा निरोप यायचा, "त्यांची एक वस्तू प्रेसमध्ये पडून आहे." प्रेस म्हणजे तिकडे कपाट, मलाही ते उशिरा कळलं. बुवा जायचे, बसायचे, गेलेल्याबद्दल बोलायचे. कपाटाचं नाव काढायचे नाहीत. बाई आपण होऊन उठून कपाट उघडेपर्यंत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नुसता चहा पिऊन परत यायचे. मग बंदूक त्या माणसाच्याच कोटात गुंडाळून बाहेर आणायचे, गल्लीला दिसू नये म्हणून. कोट दुसऱ्या दिवशी झटकून, घडी घालून परत.

टेलिफोन जोडून देणारी बाई पोस्टात बसायची. ती सगळ्यांचे सगळे फोन ऐकायची, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून फोनवर कुणी बंदूक म्हणायचंच नाही, 'ती वस्तू' म्हणायचे. एकदा एक शेतकरी फोनवर वस्तूचा भाव विचारत होता तर ही बाई मध्येच म्हणाली, "त्याला देऊ नका, भावाशी बांधावरून पेटलंय त्याचं!" मी पोट धरून हसले. म्हटलं, बांध इथेही आहे? बुवा म्हणाले, "मिसेस, बांध नसता तर माझं दुकान अर्ध्या जागेत मावलं असतं."

आता मुख्य गोष्ट. या माणसानं पहिल्या दिवशी बंदूक कधी कुणाला विकली नाही. गिऱ्हाईक येणार, काठी खांद्याला लावणार, पसंत करणार, मग बुवा म्हणणार, गुरुवारी या. पोलिसांची परवानगी, कागद, ते सगळं वेगळं. कागद पूर्ण असले तरी गुरुवारी या. आणि बुधवारी सकाळी त्यांची बायको गिऱ्हाइकाच्या घरी फोन करायची. त्या घरातल्या बाईला, बायको असो, आई असो, बहीण असो, एकच प्रश्न विचारायची. "सकाळी स्वारी कशी असते?"

बस. दुसरं काही नाही. बुवांचं म्हणणं, माणूस संध्याकाळी दुकानात, चर्चमध्ये, गुत्त्यात हवा तसा दिसू शकतो. सकाळी, पहिला चहा पोटात जायच्या आधी, तो आहे तसाच असतो, आणि ते फक्त घरातल्या बाईला ठाऊक असतं. "आणि बाई बाईला खरं सांगते. मला नसतं सांगितलं."

त्यांच्या बायकोला मी जेमतेम दोन महिने पाहिलं. निळा स्वेटर, खिडकीशी खुर्ची, आजारीच होत्या. एकदा खिडकी उघडून त्यांनी मला सांगितलं, "बंदुका त्यांनी विकल्या. मी फक्त फोन केले." एवढं म्हणून इतक्या गोड हसल्या की मी पोळ्या करपवल्या.

ती उत्तरं त्यांनी एका वहीत लिहून ठेवली होती. बुवांनी ती वही मला दाखवली, पहिल्या उन्हाळ्यात, कुंपणावर रुमाल अंथरून. माझ्या कचेरीत शंभर रजिस्टरं होती, पण असलं रजिस्टर मी जन्मात पाहिलं नव्हतं. डावीकडे माणसाचं नाव, उजवीकडे त्या घरच्या बाईचे शब्द, जसेच्या तसे. 'चहा होईस्तोवर तोंड फुगलेलं, मग ग्रँड.' 'गातो. बेसूर, पण गातो.' 'माझ्याशी बोलत नाही, कुत्र्याशी बोलतो.' त्याखाली बुवांच्या बायकोचा शेरा, 'चालेल.' 'गवत कापून होऊ दे, मग विचारा.' आणि काही नावांपुढे शब्दच नाहीत. नुसतं, बर्मिंगहॅम.

हे बर्मिंगहॅम काय, ते ऐका. गावात एक बडी असामी होती. जमीनजुमला, मोठी गाडी, फादरशी ऊठबस. तो आला, रॅकमधली सगळ्यात देखणी बंदूक पसंत केली, सगळे कागद तयार. बुधवारी बाईंनी फोन केला. पलीकडे त्याची बायको काही बोललीच नाही. फोन ठेवलाही नाही. बाईंनी वाट बघितली. पलीकडे नुसता घड्याळाचा आवाज येत होता. मग बाई म्हणाल्या, "बरं, समजलं," आणि फोन ठेवला. गुरुवारी तो आला तेव्हा रॅकमधली तिची जागा रिकामी. बुवा म्हणाले, "माफ करा, नळीत बारीक दोष निघाला. कारखान्यात परत पाठवली, बर्मिंगहॅमला." तो चिडला, दुसरी मागितली. दुसरीतही दोष निघाला. बंदुका कुठेही गेल्या नव्हत्या, मागच्या कुलुपाच्या खोलीत होत्या. पण चौदा वर्षं तो माणूस विचारत राहिला, आली का बर्मिंगहॅमहून, आणि बुवा सांगत राहिले, कारखानेवाले फार हळू काम करतात. त्याचा अपमान नाही केला, बायकोचं नाव नाही घेतलं. आणि चौदा वर्षं दर नाताळला दुकानाच्या पायरीवर एक फ्रूटकेक यायचा. चिठ्ठी नाही, नाव नाही.

"बंदूक विकायला दुकान कशाला लागतं?" बुवा म्हणाले. "ती कोणीही विकेल. दुकान लागतं ते न विकण्यासाठी. आता लोक बंदुकीचा फोटो टाकतात. माणसाचा फोटो कोण काढतंय?"

मी घरात आले आणि उगाचच भांडी घासत बसले, घासलेलीच. लेक म्हणाली, आई काय झालं? काही नाही म्हटलं.

झालं होतं ते असं. माझ्या टेबलासमोर १९९९ साली एक बाई येऊन उभी राहिली होती. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. नवऱ्याची फाईल सहीला गेली होती, दुसऱ्या दिवशी परवाना हातात पडणार होता. ती म्हणाली, "बाई, आमच्या यांच्या बंदुकीचं जरा विचारायचं होतं." मी मान वर न करता म्हटलं, "हरकत घ्यायची असेल तर लेखी द्या. दोन प्रतींत." ती म्हणाली, "लिहिता येत नाही." मग थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी पुढची फाईल ओढली. ती गेली. आठ महिन्यांनी ती फाईल पंचनाम्यासकट माझ्या टेबलावर परत आली, आणि त्या बाईचं नाव मला त्या पंचनाम्यात कळलं. माझ्यावर ठपका आला नाही. येणार कसा? कागद पूर्ण होते. हे मी कुणाला सांगितलं नाही, आमच्या यांनाही नाही, ते हयात होते तोवर. आणि सातासमुद्रापलीकडे एक म्हातारा मला सांगतो की एक फोन केला की झालं असतं. एक फोन हो! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बुवांची बायको त्या पहिल्याच वसंतात गेली होती, एप्रिलच्या अखेरीस. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. म्हणून सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंतर ठेवून उभं राहिलं, तिकडे तेव्हा तसंच करत. मी नातीला घेऊन दारात उभी होते. गाडी आमच्या दारासमोर, म्हणजे जुन्या दुकानासमोर मिनिटभर थांबली. बुवा खाली उतरले. काळा कोट, सगळी बटणं लावलेली. दुकानाकडे बघून टोपी काढली, परत बसले. मी हुंदका आवरू शकले नाही. काय संबंध माझा? पण रडले.

उन्हाळा त्यांनी गोष्टी सांगत काढला. हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, आणि बुवा कुंपणाशी येईनासे झाले. मी पहाटे उठणारी. सकाळी उजाडता उजाडता ओट्याशी माझं दूध तापायचं आणि समोरच्या खिडकीत बुवा दिसायचे. तोच काळा कोट, घरात, बटणं लावून. टेबलावर दोन कप. दोन्हींत चहा ओतायचे. तिकडचा चहा म्हणजे चहाचा खूनच, कपात पुडी बुडवायची, वर पाणी, वर गार दूध. तर तो चहा ओतायचे आणि बसून राहायचे. एकही कप उचलायचे नाहीत. माझा स्वयंपाक होईतो ते तसेच. कधी उठलेच तर जिन्याखालच्या कपाटासमोर जाऊन उभे राहायचे, हात मागे बांधून.

त्या कपाटात काय होतं ते मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं. दुकानातली शेवटची, स्वतःची, परवान्याची बारा बोअर. एकटं माणूस, बायको गेलेली, आणि जिन्याखाली बंदूक. मला कशाची भीती वाटत होती ते उघडच आहे. रोज सकाळी दूध तापवताना आधी त्यांच्या खिडकीत दिवा लागलाय ना ते बघायचे, मगच गॅस पेटवायचे.

लेकीला सांगितलं तर ती वैतागली. "आई, प्लीज. इथे लोक एकमेकांच्या घरात असं डोकावत नाहीत. ते घरमालक आहेत आपले, मे महिन्यात करार संपतोय. त्यांना राग आला ना, तर बाळाला घेऊन कुठे जाऊ मी? इथे घर मिळत नाही गं." तिचंही खरं होतं. पाळणा त्या भिंतीला लागून होता. मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय होतीच.

एप्रिल उजाडला. एका सकाळी, आठ वाजले असतील, बुवा कुंपणाशी आले. किती दिवसांनी! दाढी वाढलेली, कोट तोच. हातात फॉर्म आणि काखेत ती वही. तिकडे परवाना दर तीन वर्षांनी नवा करतात. फॉर्म त्यांनी माझ्यापुढे धरला, धंद्यातली बाई म्हणून. मी सवयीनं वाचला. नाव, पत्ता, कपाटाचं कुलूप, ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं, सगळं जागच्या जागी.

"साहेब, कागद पूर्ण आहेत," मी म्हटलं.

"कागद पूर्ण आहेत," ते म्हणाले. "पण फोन राहिलाय. करायचा कुणाला? घरात कुणी बाई नाही. पण एक खिडकी आहे." आणि त्यांनी तळहात उघडून माझ्या खिडकीकडे दाखवलं. मी शरमेनं मेले. सगळा हिवाळा या माणसाला माहीत होतं.

त्यांनी वही उघडली. डावीकडे त्यांचं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं, वाकड्या अक्षरात, बायकोच्या सुरेख अक्षराखाली. उजवीकडे कोरं. कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मिसेस, सकाळी स्वारी कशी असते?"

काय सांगू तुम्हाला! त्या देशात 'ग्रँड' म्हटलं की कुठलीही फाईल पुढे सरकते. तब्येत कशी, ग्रँड. पाऊस पडतोय, ग्रँड. माझ्या जिभेवर आलंच होतं. मागे घरात नात रडायला लागली, लेक तिला गप्प करत होती. ग्रँड म्हणायचं, फॉर्म परत द्यायचा, करार वाढवून घ्यायचा आणि आपल्या देशी निघून जायचं. ते पेन्सिल धरून उभे होते. उभे राहण्याची ती तऱ्हा मी पूर्वी एकदा बघितली होती. तेव्हा मान वर केली नव्हती, एवढाच फरक.

मी मान वर केली. "चांगली नसते, साहेब," म्हटलं.

"हं. किती कप?"

"दोन."

"पितो?"

"एकही नाही."

"कोट?"

"अंगात. सगळी बटणं लावलेली. आणि जिन्याखालच्या कपाटासमोर उभा राहतो. मागच्या आठवड्यात तीनदा. काल तर माझं दूध उतू गेलं तरी हलला नव्हता. मला भीती वाटते, साहेब. रोज वाटते." शेवटचं वाक्य मी मराठीत बोलले हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण त्यांना कळलं असावं.

त्यांनी सगळं लिहिलं, माझ्याच शब्दांत, सावकाश. लिहून झाल्यावर वाचून बघितलं. म्हणाले, "तिनंही हेच सांगितलं असतं." मग फॉर्मची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि कोटाच्या खिशात घातली. वहीत शेवटी एक शब्द लिहिला. मला उलटा दिसत होता तरी वाचता आला. बर्मिंगहॅम.

दुपारी पोलिसांची गाडी आली. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. आत एक पोलीस बाई होती, त्यांच्याच गिऱ्हाइकाची नात. बुवा घरातून बंदूक घेऊन आले, मधून उघडून हातावर आडवी घातलेली, नळ्या जमिनीकडे. त्या भिंतीशी चौदा महिने राहून, त्या टेबलावर एकोणीस वर्षं काढून, मी बंदूक अशी समोर तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बघत राहावी अशी वस्तू होती. ती गाडीत ठेवताना बुवांनी दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे सरकले, मोजून दोन पावलं. आयुष्यभर ज्या एका प्रश्नावर दुसऱ्यांना नाही म्हटलं, त्याच प्रश्नावर या माणसानं स्वतःला नाही म्हटलं. मी मोठमोठे साहेब पाहिले, मंत्री पाहिले. असा माणूस पाहिला नाही. पोलीस बाईनं डॉक्टरचा नंबर लिहून दिला, आणि पुढच्या सोमवारी ते गेलेही.

गाडी गेल्यावर ते कुंपणाशी आले. लेक खिडकीतून बघत होती, चेहरा पांढराफटक. बुवा तिला म्हणाले, करार संपतोय ना, सवडीनं सही करू, आणि मग माझ्याकडे वळले.

"मिसेस, सकाळी फार वेळ घेतलात. बोलायला जड गेलं का?"

"बावीस वर्षं लागली, साहेब," मी म्हटलं.

कसली बावीस, हे त्यांनी विचारलं नाही. टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध ठेवलं आणि समोर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. चप्पल न घालता परसात धावले. बुवा कुंपणाशी उभे होते, स्वेटरवर, कोट नाही. दोन्ही कप हातात. एक त्यांनी कुंपणावर ठेवला, माझ्या बाजूला, आणि दोन मीटर मागे जाऊन आपला तोंडाला लावला. चहा भयंकर होता, गार दुधाचा, साखर नाही. मी सगळा प्यायले.